डोकं सोडून

पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा मी कुत्र्याच्या मागच्या पायांवर बसले होते. वडील म्हणाले होते, "सगळं वजन टाक. संकोच करू नकोस." दवाखान्यातले चाचा त्याची मान गुडघ्याखाली दाबून धरत होते आणि तोंडाला सुती नाडा बांधलेला होता. वडिलांच्या हातात फुगलेल्या बैलाच्या पोटातली हवा काढायची जाड, पोकळ सुई होती. त्या दवाखान्यात कुत्र्यासाठी निराळी सुई नव्हती. तिथं कुत्रं कुणी आणतच नसे.

सुई आत गेली तेव्हा जुनं गोणपाट फाटल्यासारखा आवाज आला. कुत्र्यानं मला सगळ्या अंगासकट वर उचललं. मी पुन्हा खाली बसले. नाड्याच्या आतून त्याचं ओरडणं नाकावाटे येत होतं, बारीक आणि न थांबणारं. मग सुईच्या टोकातून पाणी आलं. मटण धुतल्यावर भांड्यात उरतं तशा रंगाचं. एक घमेलं भरलं, दुसरं अर्धं झालं. पोट खाली बसत गेलं आणि शेवटी त्याच्या बरगड्या माझ्या मांड्यांना लागल्या.

"आता ऊठ," वडील म्हणाले. मी उठले. माझ्या परकराला कुत्र्याचं मूत लागलं होतं. आई दारातून बघत होती. तिनं न्हाणीकडं बोट दाखवलं.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सोलापूरच्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात आठ वर्षं काढून, परीक्षा देऊन, निकालाची वाट बघत घरी आले होते. घर म्हणजे अणदूरला हैदराबादच्या रस्त्याला लागून असलेला जनावरांचा दवाखाना आणि त्यामागच्या दोन खोल्या. माझी मराठी पुस्तकी झाली होती. गावातल्या बायका मला "काही तरी इंग्रजीतलं बोल की गं" म्हणायच्या आणि मी पडद्यामागं जायची. बोर्डिंगात आम्हाला आवाज चढवू नये हे सगळ्यात आधी शिकवलं होतं. मी ते नको इतकं शिकले होते.

कुत्रा कारवानी जातीचा होता. माझ्या वडिलांनी एका धनगराचा सगळा कळप रोगातून वाचवला, तेव्हा त्यानं पिलू आणून ओसरीवर ठेवलं होतं. लांब तोंड, उंच पाय आणि कंबर इतकी बारीक की माझ्या दोन्ही हातांच्या पंजात मावायची. तो सशाच्या मागं सुटला की त्याचे पाय जमिनीला लागताना दिसत नसत. एकदा त्यानं ससा जिवंत धरून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवून त्याची मान मोडली. मला अजून तो आवाज ऐकू येतो. रविवारी तो आपला आपण खंडोबाच्या देवळात जायचा. तिथं लोक त्याला देवाचं कुत्रं म्हणून भाकरीचा तुकडा टाकायचे, कपाळाला भंडार लावायचे. परत यायचा तेव्हा त्याचं पांढरं कपाळ पिवळं झालेलं असे. दवाखान्याच्या नव्या शेडवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आले त्या वर्षी तो पत्रे कापताना पडलेल्या भुकटीत लोळायला लागला. ती गार असायची. मग तो राखी होऊन घरात यायचा आणि आई त्याला खराट्यानं हाकलायची.

त्याच्या बारीक कमरेखाली पोट लोंबू लागलं तेव्हा लोक हसले. "साहेब, तुमचा कुत्रा गाभण हाय का काय?" रस्त्यावरून जाणारा एक जण म्हणाला. वडीलही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटावर एका बाजूनं टिचकी मारली आणि दुसऱ्या बाजूला हात ठेवून आत पाणी हलतंय का बघितलं. त्यानंतर ते हसले नाहीत.

वडील शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दूत. हाडांची नावं, रोगांची नावं, औषधांची मापं, सगळं उर्दूत. गावात अजून त्यांना सालोत्री साहेबच, म्हणजे जनावरांचे डॉक्टरसाहेब, म्हणत. राज्य गेलं, नकाशा बदलला आणि दफ्तरात येणारी पत्रं इंग्रजीत येऊ लागली. बाटल्यांवरची नावं ते अक्षर लावून वाचत, पण परिच्छेद त्यांना झेपत नसे. वरच्या दफ्तरातून त्यांना जनावरांच्या रोगांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते तीन वर्षं कपाटात पडून होतं, मी येईपर्यंत. मी आल्यावर रोज संध्याकाळी मी वाचायची, मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग वहीत उजवीकडून डावीकडं उर्दूत उतरवून घ्यायचे. आम्हा दोघांत बोलणं असं तेवढंच होतं. मला ते पुरत होतं.

पाणी काढलं आणि बारा दिवसांत पोट पुन्हा तितकंच झालं. त्या संध्याकाळी वडील म्हणाले, "कुत्र्याच्या पोटात पाणी. ते काढ."

मी पान काढलं. पोटात पाणी होण्याची कारणं दिली होती. हृदय, यकृत, क्षय. शेवटी एक लहान परिच्छेद होता. मी वाचत सांगत गेले. "क्वचित एक कॅन्सर होतो. पोटाला आणि छातीला आतून जे पातळ अस्तर असतं त्याचा. मेसोथेलिओमा असं नाव आहे. पाण्यात रक्ताची छटा असते."

"अस्तर," वडील म्हणाले. खुंटीला त्यांचा काळा कोट होता. त्यांनी त्याची बाही उलटी केली आणि आतलं कापड दोन बोटांत धरलं. "हे?"

"हो. तसंच."

"पुढं?"

पुढं दोन ओळी होत्या. या प्रकारात पाणी दर वेळी अधिक लवकर भरतं, त्यावर उपाय नाही, आणि जनावराला वेळ न घालवता, वेदना न होऊ देता संपवणं हीच दया. मी त्या मनात वाचल्या. कुत्रा माझ्या खाटेखाली होता, त्याची शेपटी माझ्या पायाला लागत होती. वडिलांचा त्या पुस्तकावर फार विश्वास होता. पुस्तकात असेल तर ते सकाळी करून टाकतील हे मला माहीत होतं. त्यांच्याकडं त्याचं औषध होतं, पाय मोडलेल्या घोड्यांना द्यायचं.

"पुढं घोड्यांचं आहे," मी म्हणाले.

त्यांनी वही मिटली.

म्हणून त्याला पुन्हा सुई घातली. नऊ दिवसांनी पुन्हा. आता तो सुईचं भांडं उकळायला ठेवल्याचा वास आला की शेडच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावून बसायचा. वडील त्याला मागच्या पायांना धरून ओढत आणायचे. मी बसायची. त्याच्या बारीक कमरेचं कातडं आता सैल पिशवीसारखं हातात यायचं. सुईच्या जुन्या जागी गाठी आल्या होत्या आणि वडिलांना नवी जागा शोधावी लागायची. मी दर वेळी मनात म्हणायची की ही शेवटची. दर वेळी पाणी काढल्यावर तो दोन दिवस बरा असायचा, माझ्या हातून दूध प्यायचा, आणि मला वाटायचं की पुस्तक चुकलं.

चौथ्या वेळी फक्त पाच दिवस झाले होते. त्याचं तोंड इतकं वाळलं होतं की नाडा बसेना. सुई आत गेली आणि नाडा निसटला. त्यानं मान वळवली आणि चाचांचा उजवा हात धरला, अंगठा आणि बोट यांच्या मधोमध. दात एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूनं दिसले. चाचा ओरडले नाहीत. ते खाली वाकून त्याच्या कानात म्हणत राहिले, "छोड बेटा. छोड. मी हाय ना, छोड." तो सोडेना. वडिलांनी सुई तशीच पोटात ठेवून हातोडीचा लाकडी दांडा त्याच्या जबड्यात घातला आणि पिळला. एक दात तुटून घमेल्यात पडला. पाणी वाहतच होतं. चाचांचं रक्त त्यात पडलं आणि वेगळं ओळखू येईना.

चाचा निजामाच्या काळापासून त्या दवाखान्यात होते. सुया उकळणं, जनावर धरणं, जखमा बांधणं हे त्यांचं काम. वडिलांनी त्यांच्या हाताच्या भोकात जंतू मारायचं कार्बोलिक ओतलं. मांसाला वास सुटला. चाचा घामानं भिजले आणि म्हणाले, "साब, आज कळलं, बैल लाथ का मारतो ते."

वडील हसले नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी मला आणि चाचांना समोर बसवून समजावलं. कुत्रा पिसाळलेला नाही असं त्यांना वाटत होतं. पण वाटणं वेगळं. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर दहा दिवस जगत नाही. हा दहा दिवस जगला तर चाचांना काही भीती नाही. त्याआधी मेला तर त्याचा मेंदू मुंबईला तपासायला पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत चाचांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन पोटात रोज एक सुई घ्यायची. सगळ्या मिळून चौदा.

"चौदा?" चाचा म्हणाले. "पोटात?"

"म्हणून त्याला दहा दिवस जगवायचं," वडील म्हणाले. "आणि काही झालं तरी डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही. मेंदू फुटला तर तपासता येत नाही. मग आयुष्यभर कळणार नाही." हे शेवटचं ते माझ्याकडं बघून म्हणाले.

चाचांना सुयांची भीती होती, पण खरी भीती ती नव्हती. आदल्या वर्षी गावात एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता. त्याला खाटेला दोरांनी बांधलं होतं आणि त्याचा एक पाय चाचांनी धरला होता. पाण्याचा तांब्या दिसला की त्याचा गळा आवळायचा, तो थुंकायचा, चावायला धावायचा. चाचांनी त्याचा पाय दोन दिवस धरला होता. आता रोज सकाळी ते आले की आधी शेडमध्ये जाऊन कुत्रा जिवंत आहे का बघायचे. मग आमच्या ओसरीवर बसून माझ्याकडं तांब्या मागायचे आणि माझ्यासमोर घटाघटा सगळं पाणी प्यायचे.

"बघ बेटी. जातंय का न्हाय? अजून माणूसच हाय मी."

मी मान हलवायची. त्यांच्या गळ्याची गाठ खालीवर होताना मी इतकी निरखून बघायची की ते हसायचे.

कुत्र्याच्या आता छातीतही पाणी झालं होतं. त्याला आडवं पडता येत नव्हतं. तो पुढचे पाय फाकवून उभा राहायचा, तोंड उघडं, जीभ निळसर, लाळेची तार जमिनीपर्यंत. पाणी प्यायला गेला की श्वास कोंडायचा, म्हणून तो पाण्यापासून तोंड काढून घ्यायचा. शेड रस्त्यावरून दिसायची. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत असेल हे मला तेव्हाही कळत होतं.

मी त्याला कापसानं ओठ ओले करून द्यायची. आधी मी त्याला माझ्यासाठी जगवलं होतं. आता चाचांसाठी जगवत होते. त्याला या दोन्हीतलं काहीच नको होतं. तो भिंतीला डोकं टेकून उभा असायचा आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या.

सहाव्या दिवशी माकणीहून निरोप आला. तिथं घटसर्पानं जनावरं मरायला लागली होती. वडिलांना जावंच लागलं. जाताना त्यांनी कुत्र्याच्या पोटातून थोडं पाणी काढलं, साखळीचा खिळा हलवून बघितला आणि मला म्हणाले, "मी परवा येतो. चार दिवस काढायचेत."

दुसरा दिवस रविवार होता. दुपारी देवळाकडून माणसं आली. पंधरा-वीस असतील. हातात काठ्या, एकाकडं कुऱ्हाडीचा नुसता दांडा. पुढं होता तो आदल्या वर्षी गेलेल्या माणसाचा भाऊ. त्याच्या कपाळावर ओला भंडार होता.

चाचा शेडच्या दाराशी उभे राहिले. मी ओसरीवर, खांबाला धरून.

"सालोत्री साहेब कुठं हायती?" भावानं विचारलं.

"माकणीला गेलेत. उद्या येतील."

"उद्यापतोर सुटलं तर?"

"साखळी हाय. पिसाळलेलं न्हाय ते. पोटाचा रोग हाय त्याला."

"पोटाच्या रोगानं लाळ गळती व्हय?"

मागून कुणी तरी म्हणालं, "चाचा, तुमी कवा भुंकायचं म्हणता?" काही जण हसले. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "माझ्या भावाला चावलं तेबी बांधलेलंच व्हतं, चाचा. तुमी त्याचा पाय धरला व्हता. तुमीच सांगा."

 चाचा त्या माणसांकडं बघत होते, त्यांच्या तोंडांकडं नाही, हातांकडं. मला आईनं एकदा सांगितलं होतं की पोलीस ॲक्शनच्या वर्षी, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, चाचांचे दोन भाऊ दुसऱ्या एका गावात घराबाहेर बोलावून मारले गेले. चाचा स्वतः त्याविषयी कधी बोलले नव्हते.  ते बाजूला झाले. पट्टी बांधलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. मग ते माझ्याकडं वळले.

"बेटी," ते म्हणाले. "डोकं. साबनं सांगितलंय ना." त्यांचा आवाज मलाच जेमतेम आला.

घराच्या दारातून आई म्हणाली, "आत ये. आधी आत ये तू."

ते आत शिरले. साखळी ओढली तसा खिळा मातीसकट बाहेर आला. कुत्र्याला चालता येईना, त्याला गळ्याच्या पट्ट्यानं फरफटत अंगणात आणलं. त्यानं चावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्याला श्वासच पुरत नव्हता. मग भावानं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि मूठभर भंडार त्याच्या अंगावर उधळला. देवाचं कुत्रं होतं ते. हात जोडून तो म्हणाला, "देवा, तुझं हाय. माफी दे." बाकीच्यांनीही हात जोडले. पिवळी धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले. मला वाटलं, इथंच संपेल.

मग कुऱ्हाडीचा दांडा कुत्र्याच्या डोक्यावर उंच गेला.

"डोक्यावर नाही!"

तो माझा आवाज होता. सगळे वळले. दांडा वर तसाच राहिला.

"डोक्यावर मारू नका," मी म्हणाले. आता थांबता येत नव्हतं. "डोकं तपासायला मुंबईला पाठवायचं आहे. चाचांना काही होणार आहे की नाही ते त्यावरून कळेल. डोकं सोडून मारा. बाकी कुठंही मारा."

मी हे शब्द म्हणाले. माझी मराठी स्वच्छ होती, शाळेतल्या धड्यासारखी, आणि सगळ्यांना ती नीट समजली.

भावानं माझ्याकडं बघितलं. मग चाचांच्या हाताकडं. त्यानं मान हलवली. "बरं ताई," तो म्हणाला. आणि दुसऱ्यांना, "डोकं सोडून रं. डोक्याला कुनी लावायचं न्हाय."

कुणीही लावलं नाही. एका दांड्यात जे झालं असतं त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पहिला घाव पाठीवर बसला आणि मागचं अंग जमिनीला टेकलं. तो पुढच्या दोन पायांवर ओसरीकडं यायला लागला, माझ्याकडं. काठ्या बरगड्यांवर पडत होत्या. हाड मोडल्याचा आवाज त्या सशाच्या मानेसारखाच होता, फक्त पुन्हा पुन्हा. कुणाची काठी मानेजवळ गेली की भाऊ ओरडायचा, "खाली, खाली!" मग एक दांडा पोटावर आला आणि सुयांच्या गाठींजवळून पोट फुटलं. पाणी उसळलं. ते सगळ्या अंगणात पसरलं, भंडार त्यात कालवला गेला, आणि माणसं ओरडत मागं सरली. त्यांना वाटलं, पाण्यातच विष आहे. पाणी ओसरीच्या पायरीपर्यंत आलं. ते कोमट होतं. मी अनवाणी होते.

तो अजून जिवंत होता. लांबून, पाय पाण्यात पडू न देता, त्यांनी बाकीचं पुरं केलं. त्याचं डोकं शेवटपर्यंत वर होतं आणि त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. डोळे उघडे होते. मी बघितलं. मी सांगितलं होतं, तेव्हा बघणं भाग होतं.

संपल्यावर भावानं काठी टाकली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. तो रडत होता हे मला तेव्हा दिसलं. "ताई," तो म्हणाला, "डोकं नीट हाय न्हवं? बघून घ्या."

मी म्हणाले, "नीट आहे."

ते गेले. आईनं विहिरीवरून घागरी आणून अंगण धुतलं. चौथ्या घागरीला ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझा एवढा आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं."

वडील दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चाचांनी सगळं सांगितलं. वडिलांनी त्यांना पहिल्या बसनं जिल्ह्याला पाठवलं. मग टेबलावर पोतं अंथरून त्यांनी करवतीनं कवटी उघडली. मेंदू पांढरा, ओला आणि अखंड होता. त्यांनी तो ग्लिसरीनच्या बरणीत ठेवला, बरणी लाकडाच्या भुशात बसवली आणि मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हाती दिली. हे सगळं झाल्यावर ते म्हणाले, "पुस्तक घेऊन ये."

मी आले तेव्हा त्यांनी पोट आणि छाती उघडलेली होती. पोटाला आतून जे गुळगुळीत अस्तर असतं, ते कुठंच गुळगुळीत नव्हतं. सगळीकडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. काही सुटे, काही एकमेकांत मिसळून जाड साल झालेली. आतडी त्यात गुंडाळली गेली होती. छातीतही तेच. वडिलांनी बोटानं एक दाणा खरवडला, तो निघेना.

"वाच," ते म्हणाले. "तो शेवटचा परिच्छेद."

मी वाचला. मेसोथेलिओमा, अस्तर, क्वचित, रक्ताची छटा. तिथं मी थांबले. ते वाट बघत होते. मग मी पुढच्या दोन ओळी वाचल्या. पाणी दर वेळी अधिक लवकर भरतं. उपाय नाही. वेळ न घालवता, वेदना न होऊ देता संपवणं हीच दया.

त्यांचा हात कुत्र्याच्या छातीत होता. तो तिथंच राहिला.

"ही ओळ तेव्हा होती?"

"होती."

"घोड्यांच्या आधी?"

"हो."

ते बराच वेळ कोपरापर्यंत हात धूत होते. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "त्यानंतर चारदा सुई घातली मी त्याला." मारणाऱ्यांविषयी ते काही बोलले नाहीत. मी ओरडून काय सांगितलं त्याविषयीही नाही.

चाचांना सहा सुया झाल्या आणि तार आली. मेंदूत पिसाळल्याची कोणतीही खूण नव्हती. आठ सुया वाचल्या. चाचा पोटाला हात लावत, वाकून चालत ओसरीवर आले आणि तांब्या मागितला. सगळं पाणी प्याले, मिशा पुसल्या.

"तू ओरडलीस म्हणून, बेटी," ते म्हणाले. "न्हाय तर मी मरेपर्यंत तांब्याकडं बघत बसलो असतो."

मी तांब्या आत घेऊन गेले आणि तो घासत बसले, घासायचा काही राहिला नव्हता तरी.

वडिलांनी त्यानंतर मला पुस्तक वाचायला सांगितलं नाही. त्यांनी सोलापूरहून इंग्रजी-उर्दू शब्दकोश मागवला आणि संध्याकाळी दवाखान्याच्या टेबलाशी बसू लागले. एकेका शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत. एक पान त्यांना चार-चार दिवस लागायचं. कोशात शब्द सापडला नाही तरच ते हाक मारायचे. मी दारापर्यंत जायची. ते बोटाखालचा एकच शब्द दाखवायचे, वरची आणि खालची ओळ तळहातानं झाकून. मी अर्थ सांगायची. ते तो वहीत लिहायचे, "बरं" म्हणायचे, आणि मी जाईपर्यंत तळहात काढायचे नाहीत.